कट्टा वृत्तांत: एक फाईल, सात प्रिंट आणि एक ट्यूबलाइट

मंडईकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

दोन महिने एकमेकांच्या खरडवहीत 'भेटू या, भेटू या' चाललं होतं, तो प्रिंटकट्टा, म्हणजे आपापले फोटो कागदावर छापून आणून एकत्र बघायचा मेळावा, आज एकदाचा पार पडला. एरंडवण्यात एका मित्राचा चित्रकलेचा क्लास आहे, रविवारी रिकामा असतो. उत्तरेला भिंतभर खिडकी आणि मधे लांबलचक टेबलं. अकरा जण येतो म्हणाले होते, नऊ आले. पावसाळा आणि पुणे, दोन्ही लक्षात घेता हजेरी उत्तमच.

नियम दोनच होते. फोन, टॅब, लॅपटॉप दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकायचे. जे दाखवायचं ते कागदावर. आणि मी आठवडाभर आधी सगळ्यांना एक फाईल पाठवली होती, तिचा ए-फोर प्रिंट ज्याने त्याने आपापल्या नेहमीच्या प्रिंटरवर, नेहमीच्या कागदावर काढून आणायचा.

फाईल मुद्दाम खत्रूड निवडली होती. मंडईतला झेंडूचा ढीग, मामीची जांभळी पैठणी, ताम्हिणीतला पावसात भिजलेला काळा कातळ आणि आमच्या दूधवाल्याचा उन्हाने रापलेला चेहरा, असे चार तुकडे एकत्र जोडले आणि खाली करड्या रंगाची एकवीस पायऱ्यांची पट्टी दिली. झेंडूत लाल चॅनल, म्हणजे फाईलमधला लाल रंगाचा हिस्सा, काठोकाठ भरलेला असतो, जरा हात सैल सुटला की पाकळ्यांच्या कडा जातात आणि केशरी चिखल उरतो. जांभळ्याचं इंकजेटशी जुनं वैर आहे. कातळातला सगळा खेळ शेवटच्या पंधरा-वीस काळ्या छटांमध्ये. आणि चेहरा चुकलेला तर माझ्या आईलाही कळतो.

सात प्रिंट आले (उरलेल्या दोघांच्या सबबी त्यांनीच इथे लिहाव्यात). मागे पेन्सिलीने आकडे घातले, ओळीने मांडले आणि ज्याने त्याने चिठ्ठीवर पसंतीचा पहिला नंबर लिहायचा, असं ठरलं.

नऊपैकी सहा चिठ्ठ्यांवर चार नंबर. चार नंबर कोणाचा, तर आपल्या कोल्हापुरी_तांबडा यांचा. सहा शायांचा, टाकीवाला एपसन एल ८०५०, डाय शाई (विरघळलेल्या रंगाची), लस्टर म्हणजे अर्धवट चकचकीत कागद. दहा शायांच्या एपसन पी ९०० वर, जर्मन हानेम्यूले कंपनीच्या फोटो रॅग या जाड, मॅट (बिनचमकीच्या) सुती कागदावर काढलेला माझा प्रिंट, ज्याच्यासाठी मी दोन रात्री जागलो, त्याला एक मत. ते माझंच. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं होतं, तरी सगळ्यांनी ओळखलं.

गोष्ट इथे संपली असती तर कोल्हापूरकर जिंकले, असं लिहून मी झोपलो असतो. पण दीडच्या सुमारास आभाळ गच्च भरून आलं, खोलीत दिसेनासं झालं आणि कोणीतरी भिंतीवरची ट्यूब लावली. साधी, घरोघरी असते ती एलईडी. आणि चार नंबरमधला दूधवाला कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला! कागदाचा शुभ्रपणा गेला, पिवळट झाक आली. दोन आणि पाच नंबर सकाळी खिडकीत जुळे भाऊ होते; ट्यूबखाली एकाची करडी पट्टी हिरवट, दुसऱ्याची गुलाबी. माझा फोटो रॅग मात्र होता तसाच राहिला. सकाळी मरगळलेला, दुपारीही मरगळलेला.

पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. चार नंबरला दोन मतं. पहिला आला दादरकरांचा बराइटा (जुन्या डार्करूम कागदासारख्या चमकदार कागदावरचा प्रिंट).

माणसं तीच, प्रिंट तेच, मध्ये तासाभराचं अंतर. प्रिंटर तपासायला जमलो होतो आणि परीक्षा झाली ट्यूबलाइटची. दुपारचं पोर्टफोलिओचं सत्र यापेक्षा रंगलं, त्यावर सांजसावली लिहितो म्हणाली आहे. माझे हात दुखले.

---

भुरटा_पक्षी | रविवार, रात्री ११:०४

फोटो कुठे आहेत? फोटो नसतील तर कट्टा झालाच नाही असं मानण्यात येतं.

---

मंडईकर | रविवार, रात्री ११:०९

प्रिंटचा फोनने फोटो काढून इथे डकवला, तर त्यात दिसणार माझ्या फोनचा कॅमेरा आणि तुझा मॉनिटर. मिसळीचा फोटो आहे, तो चालेल का?

---

भुरटा_पक्षी | रविवार, रात्री ११:१०

धावेल.

---

कोल्हापुरी_तांबडा | रविवार, रात्री ११:३२

सकाळचा निकाल अधिकृत, दुपारचा पावसाने रद्द. नाद नाही करायचा 😄

गंमत बाजूला. मी काही जादू केली नव्हती. कागद कुठल्या मोठ्या घराण्याचा नाही, इथल्याच बाजारातला. फक्त त्या कागदासाठी प्रोफाइल करून घेतलंय, म्हणजे माझा प्रिंटर त्या कागदावर कुठला रंग कसा पाडतो त्याची नोंद. रंगांच्या चौकोनांचा तक्ता छापायचा, दोन दिवस सुकू द्यायचा, मापकाने वाचून घ्यायचा. आयुष्यात एकदा केलं की तो कागद आणि ती शाई बदलेपर्यंत बघायला नको. आमच्याकडं लोकं प्रिंटर घ्यायला कर्ज काढतात आणि प्रोफाइल म्हटलं की 'कशाला' म्हणतात.

मंडईकर, तुमचा प्रिंट मरगळलेला वाटला कारण तो चकचकीत कागदांच्या पंगतीत बसला होता. एकटा बघितला असता तर तसं म्हणालो नसतो. कातळ तुमचाच खरा होता. हात लावला तर ओला लागंल असा.

---

निगेटिव्हकाका | सोमवार, सकाळी ६:१५

तांबडे, अगदी बरोबर बोललात. मॅट कागदावरचा सर्वांत गडद काळा मोजला तर घनता (काळेपणाचं माप) १.६-१.७ च्या आसपास भरते. बराइटा किंवा ग्लॉसीवर ती २.२ च्या वर जाते. शेजारी शेजारी ठेवले की डोळा तो फरक लगेच पकडतो आणि मॅटला नापास करतो. मॅट प्रिंट वेगळ्या टेबलावर, वेगळ्या वेळी बघायचे. गवयाला आणि शाहिराला एका माईकवर उभं करून कोणाचा आवाज मोठा, हे विचारू नये.

डार्करूममध्ये आम्हाला हे ओल्या कागदाने शिकवलं. हायपोच्या (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या) ट्रेमधून उचललेला प्रिंट असा झळाळायचा की वाटायचं, साधलं! सकाळी सुकून हातात आला की सावल्या बसलेल्या. त्याला आम्ही 'ड्राय डाऊन' म्हणायचो आणि तेवढं एक्स्पोजर आधीच कमी द्यायचो. आता तुमचा मॉनिटर म्हणजे तो ओला प्रिंट. मागून दिवा लागलेला, तो झळाळणारच.

'प्रिंट काळा येतो' ही तक्रार काल तिघांनी केली. तिघांनाही विचारलं, मॉनिटरची ब्राइटनेस किती? तिघंही म्हणाले, फुल. अहो, ती ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या (हे पडद्याच्या उजेडाचं माप) दरम्यान आणा, निम्मे प्रिंट आपोआप सुधारतील. एक पैसा खर्च नाही.

---

पिक्सेलपांडू | सोमवार, सकाळी ९:४०

सात नंबर माझा होता. सगळ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं त्याबद्दल आभार.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: दूधवाला जास्वंदीसारखा गुलाबी आणि करडी पट्टी वांग्याच्या रंगाची. मी आठ दिवस शाईला शिव्या घालत होतो. नोझल चेक काढला, हेड धुतलं, नवीन काळी शाई आणली. काल जेवताना काकांनी शांतपणे विचारलं, "फोटोशॉपमध्ये प्रोफाइल लावतोस ना? मग ड्रायव्हरमधलं रंगांचं बंद करतोस का?" नव्हतो करत. म्हणजे आधी फोटोशॉपने रंग सुधारले आणि मग प्रिंटरच्या ड्रायव्हरने (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ते सुधारलेले रंग पुन्हा 'सुधारले'. दोन स्वयंपाकिणींनी एकाच आमटीत मीठ घातलं.

रात्री घरी येऊन तेवढी एक खूण बदलली. दूधवाला माणसात आला.

---

लग्नाळू_फोटोवाला | सोमवार, दुपारी २:२०

वृत्तांत भारी, पण सांगलीतून एक खडा टाकतो. हे सगळं हौशी लोकांचं झालं. आमचं पोट १२ बाय ३६ च्या अल्बमवर आहे. लॅबवाला म्हणतो एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची, मोजक्या रंगांची चौकट) जेपेग दे, आम्ही देतो. तिसऱ्या दिवशी अल्बम तयार. नवरीचा शालू लाल दिसला आणि सासूबाई गोऱ्या दिसल्या की बिल पास. यात इंकजेट कुठं बसवू? आणि एक पान चुकलं तर तुमच्या त्या जर्मन कागदाचं काय करू, वाती वळू?

---

दादरकर | सोमवार, दुपारी ३:०५

लग्नाळूदादा, अल्बमसाठी कोणी सांगतच नाही. लॅबमधला तो कागद चांदीच्या संयुगांचा, लेझरने उजेड पाडून केमिकलमध्ये धुतलेला. शंभर पानं एकसारखी काढायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण एसआरजीबी द्यावं लागतं म्हणजे झेंडू आणि मोरपंखी आधीच छाटून द्यावे लागतात. इंकजेटची चैन तिथे आहे: जास्त रंग, आणि कागद निवडायची मुभा. भिंतीवर लावायच्या एका फोटोसाठी.

मंडईकर, माझ्या बराइटाची कथा सांगायचीच राहिली. पहाटेची इंद्रायणी, बाहेर धो धो पाऊस. ए-फोरचं ठीक होतं, दप्तरात मावला, पण पोर्टफोलिओतले तीन मोठे प्रिंट गुंडाळावे लागणार होते. प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि दोन टोपणं आणली. डब्यात एका आजोबांनी विचारलं, "बोअरचं काम करता का?" हो म्हणालो. सोपं पडलं.

पाणी आत गेलं नाही, पण नळीचा वाक काही केल्या जाईना. दोन तास चार जाडजूड पुस्तकांखाली ठेवले तेव्हा बघण्यालायक झाले. बराइटाचा लेप तसा कडक असतो. घट्ट गुंडाळला तर बारीक चिरा जातात, आणि त्या काळ्या भागात आधी दिसतात. माझ्या एका प्रिंटला गेल्याच. पुढच्या वेळी दोन हार्डबोर्डांच्या मध्ये सपाट आणणार, लोकलमध्ये शिव्या खाव्या लागल्या तरी.

---

सांजसावली | सोमवार, रात्री ९:३०

दुपारच्या सत्राबद्दल लिहिते. मी पहिल्यांदाच गेले होते, नऊ जणांत बायका दोनच. (तिसरीला आणायची जबाबदारी माझी.)

माझी मालिका एसटी स्टँडवरच्या कँटीनची आहे, कृष्णधवल. तीन वर्षांत बावीस स्टँड झाले. आठ बाय दहाचे अडतीस प्रिंट घेऊन गेले होते, मधे बटर पेपर घालून, आईच्या पैठणीच्या खोक्यात. महागडी पेटी घ्यायचे पैसे नाहीत आणि खोका मापाला अगदी फिट्ट बसला. काकांनी खोका बघून 'वा' म्हटलं, तेव्हा वाटलं फोटोंनाही म्हणतील.

फोनवर हेच फोटो दाखवले की लोक अंगठा सरकवत 'मस्त, मस्त' म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात परत देतात. इथे प्रत्येक जण प्रिंट दोन्ही हातांनी उचलत होता, खिडकीकडे नेत होता, नाकाजवळ आणत होता, परत ठेवत होता. कोणी बोलेना. मला घाम फुटला. दहा मिनिटांनी काका उठले आणि काही न विचारता टेबलावरचे प्रिंट हलवायला लागले. कपबशांचे तीन फोटो होते, ते एकाखाली एक ठेवले. म्हणाले, "तिघं एकच वाक्य बोलतायत. एकाला बोलू दे, दोघांना घरी पाठव." मला त्यातला दुसरा सगळ्यांत आवडता होता. तोच घरी गेला.

मग गल्ल्यावर झोपलेल्या मालकाचा फोटो त्यांनी रिकाम्या बाकांच्या फोटोशेजारी ठेवला. माझ्याकडे ते दोन्ही दीड वर्ष आहेत, मी कधी शेजारी ठेवले नव्हते. बाकांवर पडलेली उन्हाची तिरीप बरोबर मालकाच्या टकलावर येऊन संपत होती! दोन वेगळे स्टँड, एक मेढ्याचा, एक करमाळ्याचा. स्क्रीनवर एकामागून एक येतात, म्हणून हे दिसलंच नव्हतं.

अडतीसचे चौदा झाले. घरी येईपर्यंत राग होता. आता चौदाचे बारा करू का, या विचारात आहे.

प्रिंटबद्दल: माझे अर्धे प्रिंट डाय शाईच्या रंगीत प्रिंटरवर काढलेले होते आणि अर्धे नंतर मैत्रिणीकडच्या पिग्मेंट (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईच्या) प्रिंटरवर, जिथे करड्या रंगाच्या वेगळ्या शाया आहेत. वेगवेगळे बघताना काही वाटलं नव्हतं. एकत्र मांडल्यावर पहिले अर्धे तपकिरी-हिरवट दिसले. करडा रंग निळसर, गुलाबी आणि पिवळ्याची मोळी बांधून करायचा झाला की तोल थोडा जरी ढळला तरी कळतो, आणि कृष्णधवल फोटोत लपायला जागा नसते. एपसनच्या त्या खास कृष्णधवल पद्धतीत मुख्यतः काळी आणि दोन करड्या शायाच काम करतात, रंगीत शाई नावापुरती. फरक बघून आले, आता सगळे पुन्हा काढावे लागणार. आई म्हणते, खोका तरी परत दे.

---

भुरटा_पक्षी | सोमवार, रात्री ९:५५

मेढ्याच्या कँटीनची भजी खाल्ली आहे. तो मालक जागा कधीच नसतो.

---

एडिसनची_वहिनी | मंगळवार, पहाटे ५:१०

जळजळ झाली वाचून. इथे न्यू जर्सीत माझ्या कॅमेरा क्लबमध्ये प्रिंट बघायला एक राखाडी पेटी आहे, तीन बाजूंनी बंद, वर दिवा. तो ५००० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या छटेचा, ज्याला डी-५० म्हणतात. छपाईवाल्यांचं यासाठी आयएसओ ३६६४ नावाचं मानक आहे: बारकाईने तुलना करायला २००० लक्स (उजेडाचं माप), आणि प्रिंट साधारण घरात कसा दिसेल हे बघायला ५०० लक्स. दोन्हींत बघायचा, हे महत्त्वाचं. दोन हजारात कातळातली प्रत्येक भेग दिसते, पाचशेत तोच कातळ डांबर होतो.

पेटी विकत घेऊ नका. ५००० केल्व्हिनचे, सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचे शंभरपैकी गुण) ९० च्या वरचे दोन बल्ब, मागे राखाडी चादर, झालं काम. तुमच्या त्या क्लासमधल्या ट्यूबचा सीआरआय बहुतेक ८० च्या घरात असेल. त्यात गडद लाल फार कमी असतो, म्हणून माणसांच्या कातडीची वाट लागते.

आणि चार नंबरचा शुभ्रपणा का गेला तेही सांगते. लस्टर कागदात बहुतेक वेळा चमक आणणारी द्रव्यं असतात, कपड्यांच्या निळीची आधुनिक बहीण म्हणा. ती अतिनील किरण पिऊन निळसर उजेड परत देतात. खिडकीतून अतिनील मिळतं, कागद पांढराशुभ्र दिसतो. एलईडीत ते जवळपास नसतंच, निळीचा उपास घडतो आणि कागद मूळ पिवळटपणावर येतो. मंडईकरांचा फोटो रॅग मुळातच मऊ पांढरा, म्हणून तो दोन्हीकडे सारखा. मरगळलेला नव्हे, स्थितप्रज्ञ म्हणा.

---

मंडईकर | मंगळवार, सकाळी ८:००

वहिनी, दंडवत! 'स्थितप्रज्ञ' फ्रेम करून लावतो.

---

झिक्लेग्रस्त | मंगळवार, सकाळी ११:४५

एक शंका. एका स्टुडिओत 'फाइन आर्ट झिक्ले प्रिंट' म्हणून मला साध्या इंकजेटच्या तिप्पट दर सांगितला. झिक्ले ही वेगळी पद्धत आहे का?

---

निगेटिव्हकाका | मंगळवार, दुपारी १२:३०

नाही. फ्रेंचमध्ये 'झिक्ले'च्या जवळच्या एका क्रियापदाचा अर्थ पिचकारी मारणे असा आहे, त्यावरून जॅक डुगान नावाच्या छपाईकाराने १९९१ मध्ये हा शब्द घडवला. कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्समध्ये तो काम करत होता. ती संस्था काढणारा ग्रॅहम नॅश म्हणजे गाण्यातला तो प्रसिद्ध नॅशच. त्यांनी आयरिस नावाचं, छापखान्यांसाठी बनवलेलं मोठं यंत्र घेऊन त्यावर कलाछपाई सुरू केली. 'इंकजेट' म्हटलं की गिऱ्हाइकाला कचेरीतला प्रिंटर आठवतो, म्हणून नवं नाव. आणि गंमत म्हणजे तेव्हाच्या त्या शाया उजेडात लवकर विटायच्या.

तेव्हा नावाचे पैसे देऊ नका. शाई पिग्मेंट आहे का, कागद कोणता, प्रोफाइल कोणाचं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं सरळ आली तर तिप्पट दरही वाजवी असू शकतो.

छापील चित्राला नाव ठेवायची आपल्याकडे रीतच आहे म्हणा. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून एकेक रंग चढवत छापलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या, आणि जाणकार नाक मुरडत राहिले. आज त्याच तसबिरी संग्राहक शोधत फिरतात. आणि कट्टा म्हणाल तर मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये; भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. मंडईकर, तुम्ही पहिले नव्हे.

---

ओलाकातळ | मंगळवार, रात्री १०:१५

मी त्या दोन सबबखोरांपैकी एक. सबब ऐका.

माझा जुना पिग्मेंट प्रिंटर (कंपनी नको विचारू) एप्रिलपासून बंद होता. फाईल आल्यावर सुरू केला, निळी शाई गायब. तीनदा हेड साफ करायची आज्ञा दिली, प्रत्येक वेळी शाईचा पाट वाहिला आणि निळीच्या पाच रेघा आल्या. शेवटी रात्री एकला चित्र निघालं. सुंदर होतं, फक्त बोट लावलं तर रंग बोटावर. मॅट कागदाच्या उलट्या बाजूला छापलं होतं. लेप नसलेल्या बाजूला.

अनुभवी लोक म्हणतील कागद पाकिटात कसा ठेवलाय ते बघायचं. पाकीट मी मे महिन्यात उघडून कागद 'हवा खायला' बाहेर काढले होते. आता युक्ती कळली: कोपरा ओल्या बोटात धरायचा, जी बाजू चिकटते ती लेपाची. आणि प्रिंटर पंधरवड्यातून एकदा तरी चालवायचा, एक रंगीत पान काढायचं. तुळशीला पाणी घातल्यासारखं.

---

कोल्हापुरी_तांबडा | मंगळवार, रात्री १०:२८

आणि पावसाळ्यात कागद उघडा ठेवू नका भावा. पाकिटात सिलिका जेल टाकून चिकटपट्टी लावा. कागद ओल धरतो, कडा उचलतात आणि हेड त्यावर घासून जातं. काळी रेघ आणि वर हेडची खरेदी. माझं एकदा झालंय.

---

लग्नाळू_फोटोवाला | बुधवार, सकाळी १०:००

एक प्रामाणिक प्रश्न. २४ मेगापिक्सेलचा फोटो इंकजेटवर किती मोठा काढता येतो? एका गिऱ्हाइकाला आजोबांचा फोटो भिंतीवर मोठा हवाय, आणि त्यांना लॅबचा चकचकीत नको.

---

दादरकर | बुधवार, सकाळी १०:४०

६००० बाय ४००० पिक्सेल असतील तर ३०० ने (इंचाला तीनशे पिक्सेल) भागा: २० बाय १३ इंच आणि थोडं वर. भिंतीवर चार फुटांवरून बघणार असाल तर २०० नेही चालतं, म्हणजे ३० बाय २०. पण पी ९०० किंवा कॅनन प्रो-१००० घेतला तरी १७ इंच रुंदीपर्यंतच जाता येतं, त्यापुढे बाहेरूनच काढून घ्यावा लागेल. आजोबांसाठी मॅट कॉटन घ्या. काचेत गेल्यावरही चेहरा मऊ राहतो. शाई एक दिवस सुकू द्या, मगच फ्रेम करा, नाहीतर काचेवर आतून वाफ धरल्यासारखं दिसतं.

(परवा वाती वळणार होतात, आज आजोबा. 😄)

---

लग्नाळू_फोटोवाला | बुधवार, सकाळी १०:४४

पोटावर पाय पडला की माणूस शिकतो.

---

मंडईकर (धागाकर्ता) | नोव्हेंबर, शुक्रवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. कट्ट्यानंतर मी एक उद्योग केला होता, कोणाला सांगितलं नव्हतं. सातही प्रिंटच्या मधोमध कात्री चालवली. (मालकांची परवानगी घेतली होती, कोल्हापूरकरांना दोनदा फोन करावा लागला.) एक अर्धं काळ्या पाकिटात घालून कपाटात, दुसरं दक्षिणेच्या खिडकीत, काच नाही, काही नाही, नुसतं टाचणीने लावलेलं. जुलै ते नोव्हेंबर. मधे पावसाची झड येऊ नये म्हणून पडदा ओढत होतो, बाकी हवा-ऊन सगळं लागू दिलं.

आज दोन्ही अर्धी जोडून बघितली, वहिनींनी सांगितलेल्या ५००० केल्व्हिनच्या बल्बखाली. पिग्मेंटवाले चारही मला जसेच्या तसे वाटतात. बायकोला माझ्या फोटो रॅगमध्ये किंचित फरक दिसतो, मला दिसत नाही, दिसला तरी मी मान्य करणार नाही. डायवाल्या तिघांत मात्र जोड स्पष्ट दिसतो. चार नंबरचा झेंडू शेवंतीकडे झुकलाय आणि कातळात तांबूसपणा आलाय, म्हणजे निळसर शाई आधी गेली. यात उजेड किती आणि हवेतला ओझोन किती, हे माझ्या या घरगुती उद्योगातून सांगता येत नाही.

कोल्हापूरकर, राग मानू नका. काचेशिवाय चार महिने खिडकीत, हा छळच आहे.

---

कोल्हापुरी_तांबडा | शुक्रवार, रात्री १०:०२

राग कसला. वाचलं आणि दुकानात गेलो, रात्री कुलूप उघडून. भिंतीवर एकोणीस प्रिंट आहेत माझे, काही तीन वर्षांपासनं. सगळे उतरवून फाईलच्या नव्या प्रिंटशी लावून बघितले. काचेमागचे अकरा अजून चांगले आहेत. उघडे लावलेले आठ... पंचगंगेचा घाट विटकरी झालाय. रोज बघत होतो ना, म्हणून कळलंच नाही.

उद्या काचवाल्याकडं जातोय. आणि जी गिऱ्हाइकं फ्रेम न करता घेऊन गेली त्यांची वही काढलीय, सव्वीस नावं आहेत. फोन करून सांगावं लागणार.

पुढचा कट्टा कधी? या वेळी मी मॅटवर काढून आणतो. बल्ब तुमचे, चहा माझा.

---

सांजसावली | शुक्रवार, रात्री १०:२०

डिसेंबरातला दुसरा रविवार? मी बारा प्रिंट आणते. तिसरी पण येतेय. खोका आईने परत घेतला, कोणाकडे मोठा असेल तर सांगा.